माइक शुल्ट्झ: ज्या गुडघ्यावर जिंकला, तो त्यानेच बनवला

बर्फवाट (धागाकर्ता)

पॅरा स्नोबोर्डिंगवर मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही. जे असतं ते 'जिद्दीला सलाम' इथेच थांबतं. म्हणून हा धागा. मांडी उरलेला आणि गुडघा गेलेला माणूस बर्फाच्या उतारावर उभा कसा राहतो, वळतो कसा आणि उडी मारून उतरतो कसा, हे नीट समजून घ्यायचं असेल तर माइक शुल्ट्झच्या कारकिर्दीइतकं चांगलं उदाहरण नाही. कारण ती कारकीर्द आणि त्याचा कृत्रिम गुडघा या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

थोडक्यात क्रम असा. जन्म १९८१, अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. मूळचा स्नोमोबिलचा, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटरगाडीचा, व्यावसायिक शर्यतपटू. १३ डिसेंबर २००८ रोजी मिशिगनमधल्या आयर्नवुड इथे शर्यतीत तो गाडीवरून फेकला गेला आणि डाव्या पायावर आदळला. गुडघा उलट्या दिशेने वाकून चिरडला, रक्तवाहिन्याही गेल्या. तीन दिवसांनी पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

पुढच्याच उन्हाळ्यात, म्हणजे सुमारे सात महिन्यांत, त्याने एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत अपंग खेळाडूंच्या मोटोक्रॉस शर्यतीत रौप्य घेतलं, तेही स्वतः घडवलेल्या गुडघ्यावर. त्यात माउंटन बाइकचा फॉक्स कंपनीचा हवेचा शॉक, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, बसवलेला होता. या गुडघ्याचं नाव 'मोटो नी'. २०१० मध्ये 'बायोडॅप्ट' ही कंपनी काढून तो इतरांसाठी बनवू लागला. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत युद्धात पाय गमावलेले अमेरिकी सैनिक होते. सोबतीला 'व्हर्सा फूट' हा घोट्याच्या जागी शॉक असलेला पायही आला.

स्नोबोर्ड त्यानंतरचा. २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये उद्घाटनाला अमेरिकेचा झेंडा त्याच्या हातात होता. तिथे एसबी-एलएल१ गटात स्नोबोर्ड क्रॉसचं (उड्या-उंचवट्यांच्या मार्गावरची शर्यत) सुवर्ण आणि बँक्ड स्लॅलमचं (कडेला उंच बांधलेल्या वळणांमधून घड्याळाशी शर्यत) रौप्य. २०२२ मध्ये बीजिंगला, वयाच्या ४० व्या वर्षी, स्नोबोर्ड क्रॉसचं रौप्य.

यातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट पदकांच्या यादीत दिसत नाही. प्याँगचांगच्या बँक्ड स्लॅलममध्ये त्याला मागे टाकून सुवर्ण नेणारा नोआ एलियट शुल्ट्झच्याच मोटो नीवर उभा होता. आपलं सर्वांत मोठं हत्यार त्याने प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिलं होतं.

जाणकारांनी तांत्रिक बाजू उलगडावी.

कोवळंऊन

पहिला प्रश्न. बाजारात इतके महागडे संगणकीय गुडघे आहेत, त्यातला एखादा का चालत नाही?

सांधेजोड

कारण ते चालण्यासाठी बनलेले असतात. चालताना गुडघ्याने दोनच कामं करायची असतात: पाय टेकला की कोसळायचं नाही, आणि पाय उचलला की मोकळेपणी झुलायचं. संगणकीय गुडघ्यातला हायड्रॉलिक सिलिंडर वाकण्याला विरोध करतो. जिना उतरताना तो सावकाश दबत जातो आणि माणूस खाली येतो. पण दबल्यावर तो स्वतःहून परत सरळ होत नाही. वर उचलण्याचं काम निरोगी पायात मांडीच्या पुढच्या स्नायूचं, क्वाड्रिसेप्सचं, आणि गुडघ्यावरून कापलं की त्या स्नायूला पुढे ओढायला नडगीच उरत नाही.

स्नोबोर्डवर गुडघा पूर्ण सरळही नसतो आणि पूर्ण वाकलेलाही नसतो. अर्धवट वाकलेल्या अवस्थेत, पूर्ण वजन अंगावर घेऊन, तो सतत दबत आणि उठत राहतो. चालण्याचा गुडघा इथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर कुलूप लागल्यासारखा सरळ राहतो आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट कमरेला बसतो. नाही तर एकदा बसला की बसलेलाच राहतो.

शुल्ट्झने ओळखलं की इथे स्प्रिंग हवी. शॉक आणि सांधा यांच्यामध्ये लिंक बसवली आहे. गुडघा वाकला की ती शॉक दाबते, आणि दाबलेली हवा गुडघ्याला परत सरळ ढकलते. वाकण्याचा पल्ला सुमारे १३५ अंश, म्हणजे मोटरसायकलवर बसायलाही पुरेसा. हवेची स्प्रिंग लोखंडी स्प्रिंगपेक्षा इथे जास्त उपयोगी, कारण ती जितकी दबते तितकी वेगाने कडक होते. जागा निम्मी झाली की दाब जवळजवळ दुप्पट. त्यामुळे सुरुवातीला मऊ आणि मोठ्या उडीच्या शेवटी घट्ट, असं आपोआप मिळतं.

मात्र हा गुडघा घालून बाजारहाट करता येत नाही. सतत सरळ होऊ पाहणारा गुडघा चालताना झुलत नाही. खेळाचा पाय वेगळा, घरचा वेगळा. वाहनतळापासून उतारापर्यंत कोणता पाय घालून जायचं आणि कुठे बदलायचा, हे आधी ठरवून ठेवावं लागतं.

दट्ट्या

शॉकच्या बाजूचं मी लिहितो. सायकलचा शॉक आणि पायातला शॉक यांचं तंत्र एकच आहे, पण चुकीची शिक्षा वेगळी. सायकलवर चूक झाली तर प्रवास खडबडीत होतो, इथे माणूस तोंडावर पडतो.

आधी दाब, मग रिबाउंड, म्हणजे दबलेला गुडघा परत उठण्याचा वेग. हा क्रम उलटा करू नये, कारण दाब बदलला की रिबाउंड पुन्हा लावावाच लागतो.

दाब लावायला शॉक पंपच हवा, सायकलच्या चाकाचा पंप चालत नाही. बोर्डवर नेहमीच्या पवित्र्यात उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखं वजन, आणि शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग किती सरकली ते मोजायचं. सायकलवाले चालीच्या, म्हणजे दांडा एकूण जितका आत जाऊ शकतो त्याच्या, २५ ते ३० टक्के बसू देतात. सुरुवात तिथूनच करावी. समजा दांड्याची चाल ५० मिमी असेल तर रिंग १२ ते १५ मिमी सरकायला हवी. मग दाब ५-५ पीएसआयने (हे दाबाचं एकक) वरखाली करत जायचं. दिवसातल्या सर्वांत मोठ्या उडीला रिंग जवळजवळ शेवटाला गेली तर दाब बरोबर. दर उतारावर ठक्कन तळाला लागत असेल तर कमी. कधीच अर्ध्यापुढे जात नसेल तर जास्त, म्हणजे गुडघा काठीसारखा झालाय.

पंप लावताना नवखे हमखास फसतात. नळी जोडली की शॉकमधली थोडी हवा नळीत जाते, म्हणून काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. 'हवा गेली' असं समजून माणूस रोज थोडी भरत राहतो. काढताना जी फुस्स होते ती मात्र नळीतली हवा, शॉकमधली नव्हे.

आता रिबाउंड. पूर्ण सावकाशपासून सुरुवात करून त्याची खुंटी एकेक क्लिकने फिरवत मोकळा करावा. फार मोकळा असेल तर उडीवरून उतरताच गुडघा लाथ मारल्यासारखा सरळ होतो आणि माणूस दुसऱ्या बाजूला फेकला जातो. फार सावकाश असेल तर पहिला उंचवटा ठीक जातो, दुसऱ्यापर्यंत पाय पुरता उठलेला नसतो, तिसऱ्याला आणखी खाली बसलेला. चौथ्याला चालच शिल्लक राहत नाही. स्नोबोर्ड क्रॉसच्या सुरुवातीलाच असे उंचवटे ओळीने असतात.

कोवळंऊन

थंडीचा परिणाम होत असेल ना? तिथे तापमान शून्याखाली.

दट्ट्या

चांगलाच होतो. २० अंशांच्या खोलीत १५० पीएसआय भरला आणि बाहेर उणे १५ अंश असेल, तर शॉक पूर्ण गार झाल्यावर काटा सुमारे १३० दाखवेल.

अंकगणित

पडताळून पाहिलं, बरोबर आहे. हिशोब मात्र निरपेक्ष दाबावर करायचा. काट्यावरचे १५० म्हणजे वातावरणाचे १४.७ धरून १६४.७. तापमान केल्व्हिनमध्ये २९३ वरून २५८. गुणोत्तर ०.८८. आलेले १४५ मधून १४.७ वजा केले की १३०. थेट १५० ला ०.८८ ने गुणलं तर १३२ येतात. फरक लहान, पण दाब जितका कमी तितकी ही चूक जास्त जाणवते.

दट्ट्या

धन्यवाद. त्यात भर म्हणजे थंडीत शॉकमधलं तेलही घट्ट होतं, म्हणून रिबाउंड मंदावतो. हवा मऊ, तेल घट्ट. दोन्ही परिणाम एकाच दिशेचे: पाय खाली बसतो आणि उठत नाही. म्हणून पाय निदान अर्धा तास बाहेर ठेवून, तिथेच दाब लावावा आणि रिबाउंड एक-दोन क्लिक मोकळा करावा. संध्याकाळी तोच पाय उबेत आणला की दाब पुन्हा चढलेला दिसेल. तेव्हा हवा काढायची नाही.

चवडाटाच

गुडघ्यावर बरंच आलं, घोट्यावर कमी. खरं तर माझ्या मते अर्धे प्रश्न घोट्याचे असतात.

स्नोबोर्डला दोन धारा. चवड्याच्या बाजूची आणि टाचेच्या बाजूची. चवड्याचं वळण घ्यायला नडगी पुढे झुकून गुडघा बोटांच्या पुढे जावा लागतो. रोजच्या कार्बन पायाचा घोटा जवळजवळ काटकोनात गोठलेला. त्यावर उभं राहून गुडघा पुढे नेला की टाच उचलली जाते. बुटाने टाच धरून ठेवली तर सगळा ताण सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय ज्या साच्यात बसतो त्याच्या, पुढच्या कडेवर येतो, आणि माणूस कमरेतून वाकून वळण घेऊ लागतो. लांबून बघताना वाटतं त्याला तंत्र जमत नाही. प्रत्यक्षात घोटा वाकत नाही.

स्वस्त उपाय पाचर. बुटाच्या आत टाचेखाली कडक रबराची किंवा प्लॅस्टिकची पाचर घातली की नडगी आपोआप पुढे झुकते. पण एका बाजूला दिलं की दुसऱ्या बाजूचं जातं. पाचर जास्त झाली तर टाचेच्या वळणाला बोर्डचा चवड्याकडचा काठ पुरेसा उचलला जात नाही. म्हणून थोडी थोडी वाढवत पाहायची, आणि दर वेळी दोन्ही वळणं घ्यायची. व्हर्सा फूटमध्ये घोट्यालाच शॉक असल्याने हा झुकाव दाबाने कमीजास्त करता येतो आणि तो हलताही राहतो. पाचर मात्र एकाच कोनात अडकवते.

पायाची मांडणी बूट घालूनच करावी. स्नोबोर्डच्या बुटाची टाच आणि पुढचा झुकाव चपलेपेक्षा वेगळा असतो. अनवाणी जुळवलेला पाय बुटात गेला की सगळे कोन बदलतात. न वाकणारा पाय बुटात घालणंही सोपं नाही. दोरी पूर्ण सैल करून, पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून सरकवायचा आणि मग पिशवी ओढून काढायची.

सांधेजोड

पाचरीचा मुद्दा अगदी खरा. सॉकेटचंही लिहितो, कारण सॉकेट ढिलं असेल तर वरचा गुडघा आणि खालचा घोटा कितीही चांगला असो, उपयोग नाही. मांडी फिरते, पाय फिरत नाही.

स्टंपचा, म्हणजे कापल्यावर उरलेल्या भागाचा, आकार दिवसभरात बदलतो. सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट दुपारी ढिलं होतं. त्यासाठी वेगवेगळ्या जाडीचे मोजे खिशात ठेवायचे, १, ३ आणि ५ प्लायचे (प्लाय म्हणजे जाडीचं माप). एकदम ५ चढवण्याऐवजी १-१ ने वाढवावं. लायनरच्या, म्हणजे स्टंपवर चढवायच्या मऊ अस्तराच्या, आत घाम साचतो, अगदी बर्फातही. घाम साचला की सक्शन, म्हणजे पाय धरून ठेवणारी हवेची पकड, सुटतं आणि पाय आत वरखाली होऊ लागतो. दर दोन-तीन तासांनी उबेत जाऊन लायनर काढायचा, पुसायचा, कोरडा दुसरा चढवायचा. ओला लायनर थंडीत तसाच ठेवला तर कातडी सोलते. स्टंपमध्ये रक्ताभिसरण आधीच कमी आणि जाणीवही कमी, त्यामुळे हिमदाह उशिरा कळतो. त्वचेचा रंग डोळ्यांनी पाहणं हाच खरा उपाय.

दुसरं, स्कीचं बाइंडिंग (बूट धरून ठेवणारी पकड) पडल्यावर सुटतं, स्नोबोर्डचं सुटत नाही. पडताना बोर्ड फिरला तर सगळी पिळवट सॉकेटमधून खुब्यात जाते. काहीजण कृत्रिम पायाला कमरपट्ट्याशी जादा पट्टा बांधतात, म्हणजे सक्शन सुटलं तरी पाय निघून जात नाही.

स्टंप फार लांब असेल तर गुडघ्याचं यंत्र बसवायला जागा कमी पडते आणि कृत्रिम गुडघा दुसऱ्या गुडघ्यापेक्षा खाली येतो. मापं घेतानाच हे पाहावं लागतं.

पाठमोरा

कोणता पाय पुढे ठेवावा, कृत्रिम की चांगला?

चवडाटाच

नियम असा नाही, पण दोन्हींचे हिशोब मांडता येतात. उताराच्या वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टच्या रांगेत पुढचा पाय बांधलेला असतो आणि मागच्या मोकळ्या पायाने ढकलत जायचं असतं. कृत्रिम पाय मागे असेल तर हे ढकलणं फार अवघड. तो पुढे असेल तर ढकलायला चांगला पाय मोकळा, पण खुर्चीत बसल्यावर बोर्ड, बाइंडिंग आणि बूट मिळून ४-५ किलो वजन सॉकेटला लटकतं. पाच-सात मिनिटं ते ओढत राहिलं की सक्शन सुटतं आणि वर उतरताच पहिल्या वळणाला पाय ढिला. खुर्चीला पायटेकू असेल तर बोर्ड त्यावर टेकवावा, नसेल तर मोकळ्या पायाने खालून तोलून धरावा.

उतारावर पुढचा पाय वळण सुरू करतो, मागचा पाय वेग आणि खाचखळगे सांभाळतो. गुडघ्यावरून कापलेल्यांनी दोन्ही बाजूंनी प्रयत्न करून बघावा, सवयीच्या बाजूला चिकटून बसू नये, एवढंच ठामपणे सांगता येईल.

कोवळंऊन

एसबी-एलएल१ म्हणजे काय? आणि ज्यांचा एकच पाय गुडघ्याखाली गेलाय, तेही याच गटात का?

बर्फवाट

नाही. तीन गट आहेत. एलएल१ मध्ये पायांतला दोष जास्त: एक पाय गुडघ्यावरून गेलेला, किंवा दोन्ही गुडघ्यांखाली. एलएल२ मध्ये तो कमी, उदाहरणार्थ एक पाय गुडघ्याखाली. यूएल म्हणजे हाताचा दोष. अवयव नसण्याखेरीज स्नायूंची कमजोरी वगैरे कारणांनीही या गटांत प्रवेश मिळतो.

हा प्रश्न कागदी वाटतो, पण त्यावर एक मोठी लढाई झालेली आहे. ब्रेना हकाबीचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे किशोरवयात गुडघ्यावरून गेला. प्याँगचांगला तिने एलएल१ ची दोन्ही सुवर्णं घेतली. बीजिंगसाठी स्पर्धक कमी म्हणून महिलांच्या एलएल१ गटाच्या शर्यतीच वगळल्या. तिची मागणी होती: मला एलएल२ मध्ये, म्हणजे माझ्यापेक्षा कमी दोष असलेल्यांशी, खेळू द्या. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने नकार दिला. समितीचं मुख्यालय बॉनला, त्यामुळे प्रकरण जर्मन न्यायालयात गेलं, आणि स्पर्धेच्या तोंडावर निकाल तिच्या बाजूने लागला. तिने बँक्ड स्लॅलमचं सुवर्ण आणि स्नोबोर्ड क्रॉसचं कांस्य जिंकलं. त्याच स्नोबोर्ड क्रॉसचं सुवर्ण फ्रान्सच्या सेसिल हर्नांडेझला, तीही मूळची एलएल१ ची. गट बंद करणाऱ्यांनी या दोन निकालांकडे नीट पाहायला हवं.

बिबियन मेंटेल हिचंही नाव इथे घेतलंच पाहिजे. या डच खेळाडूने हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये यावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१४ ला सोचीत स्नोबोर्ड पहिल्यांदा आला, तोही अल्पाइन स्कीइंगच्या पोटात, फक्त स्नोबोर्ड क्रॉस. ते सुवर्ण तिचंच. २०१८ ला आणखी दोन. कर्करोगाने २०२१ मध्ये ती गेली.

पाठमोरा

शॉक लावलेला पाय म्हणजे यंत्राची मदत झाली की. मग कौशल्य कोणाचं?

दट्ट्या

शॉकमध्ये मोटर नाही, बॅटरी नाही. उतारावर दबताना त्यात जेवढी ऊर्जा गेली, त्यातली थोडी तेल खातं आणि उरलेली परत मिळते. घातलेल्यापेक्षा जास्त कधीच मिळत नाही. समितीच्या साधनविषयक धोरणात सुरक्षितता, न्याय्यता, सर्वांना उपलब्धता आणि खेळाडूची स्वतःची शारीरिक क्षमता हे निकष आहेत. मोटर किंवा यांत्रिक शक्तीने कामगिरी घडत असेल तर ते साधन बाद.

'सर्वांना उपलब्धता' या निकषासाठीच शुल्ट्झचं विकणं महत्त्वाचं वाटतं. गुडघा त्याने स्वतःपुरता ठेवला असता तर पाठमोरा यांचा आक्षेप जोरदार ठरला असता. त्याने तो बाजारात ठेवला, आणि त्याच गटातला नोआ एलियट तो घालून त्याच्याच पुढे गेला.

कोवळंऊन

आपल्याकडचा जयपूर फूट इथे चालेल का?

सांधेजोड

विचार करण्यासारखा प्रश्न आहे. जयपूर फूट उकिडवं बसता यावं, अनवाणी आणि शेतात चालता यावं यासाठी घडवलेला, म्हणून त्याचा घोटा बऱ्याच दिशांनी वाकतो. चवड्याच्या वळणाला लागणारा झुकाव त्यात मुळातच आहे, जो कार्बनच्या पायात नसतो. पण तो झुकाव कमीजास्त करता येत नाही, आणि धारेवर जोर दिला की रबर दबून जोर बोर्डपर्यंत उशिरा पोहोचतो. थंडीत रबर कडक होतं ते वेगळंच. उताराची ओळख करून घ्यायला कदाचित पुरेल, शर्यतीला नाही. आणि गुडघ्यावरून कापलेल्यांचा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र किंवा मुंबईत हाजीअलीची पुनर्वसन संस्था इथे सॉकेट बनवणारे अनुभवी लोक आहेत. त्यांना खेळासाठी सॉकेट सांगताना 'स्नोबोर्ड' म्हणून थांबू नका. पिळवट येणार, वजन लटकणार, गुडघा दिवसभर अर्धवट वाकलेला राहणार, या तीन गोष्टी स्पष्ट सांगा.

पाठमोरा

यूएल गटाबद्दल कोणीच लिहिलं नाही. हाताचा स्नोबोर्डशी काय संबंध?

चवडाटाच

संबंध सुरुवातीच्या फाटकापाशीच येतो. स्नोबोर्ड क्रॉसमध्ये फाटक उघडताच दोन्ही बाजूंच्या मुठी धरून स्वतःला पुढे खेचायचं असतं. एकच हात असेल तर खेच एका बाजूने लागते, शरीर फिरतं आणि बोर्ड तिरपा निघतो. ते टाळायला खांदा आधीच उलट्या बाजूला वळवून ठेवावा लागतो. पुढे उडीत तोल सावरायला हात लागतात आणि पडल्यावर उठायलाही. प्याँगचांगला यूएलचं बँक्ड स्लॅलम जिंकलेल्या माइक मायनरला उजव्या हाताचा बहुतांश भाग जन्मतःच नाही.

एलएल१ वाल्यांचं याच्या उलट. त्यांची सुरुवात बरीचशी हातांवरच अवलंबून. फाटकानंतरच्या उंचवट्यांवर निरोगी पाय चढताना दुमडतो आणि उतरताना जोर देऊन बोर्डला वेग देतो. शॉक दुमडतो छान, पण जोर कधी द्यायचा ते त्याला कळत नाही, तो लगेच उठू पाहतो. म्हणून रिबाउंडचा क्लिक त्या पहिल्या तीन-चार उंचवट्यांमधल्या अंतरावर जुळवतात, आणि उरलेला वेग मुठी खेचून घेतात.

दट्ट्या

हो, आणि उंचवट्यांमधलं अंतर प्रत्येक ठिकाणी वेगळं. त्यामुळे सरावाच्या पहिल्या दिवशी क्लिक मोजून वहीत लिहून ठेवावेत, शेजारी तापमानही.